यजमानाचे ‘न मम’

ग्वाल्हेरच्या एका वाचकांचे पत्र गेल्या महिन्यात या सदराकडे आले. त्यांच्या घरी चार पिढ्यांचे दप्तर आहे. मोडीतील जमाखर्चाच्या वह्या आहेत, जुन्या सनदांच्या नकला आहेत, आणि आजोबांना छायाचित्रणाचा नाद असल्यामुळे निगेटिव्हच्या पट्ट्यांनी भरलेले चार डबेही आहेत. निगेटिव्हवरून थेट चित्र उतरवून घेणारा एक उत्तम स्कॅनर त्यांनी वीसेक वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने घेतला होता. तो आजही ठणठणीत आहे. परंतु चिरंजीवांनी घेऊन दिलेला नवा संगणक त्याला ओळख देत नाही. दुकानदाराचे मत पडले की जुना स्कॅनर भंगारात द्यावा. पत्रलेखक विचारतात, “चालते यंत्र केवळ ओळख नाही म्हणून टाकून द्यावे काय?”

हा प्रश्न एका घरापुरता नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांतून जुनी कागदपत्रे आणि छायाचित्रे पुष्कळ आहेत. ती जपण्यासाठी आणलेली यंत्रे मात्र एकामागून एक अशी मुकी होत चालली आहेत. म्हणून या वेळचा लेखांक या एकाच विषयाला द्यावयाचे ठरविले.

प्रथम रोगाचे निदान. संगणक आणि स्कॅनर यांची भाषा एक नसते. दोघांच्या मध्ये एक दुभाष्या लागतो. त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. हा दुभाष्या म्हणजे स्कॅनर बनविणाऱ्या कारखान्याने लिहून दिलेली एक आज्ञावली. ती विशिष्ट काळाच्या, विशिष्ट कार्यप्रणालीसाठी लिहिलेली असते. विंडोज एक्सपीच्या काळातले बहुतेक ड्रायव्हर ३२ बिटांच्या प्रणालीसाठी होते. आजच्या संगणकांवर ६४ बिटांची विंडोज असते, आणि तिच्या गाभ्यात ३२ बिटांच्या ड्रायव्हरला प्रवेशच नाही. कारखान्याने नवा दुभाष्या लिहून दिला तर प्रश्न सुटतो. पण जो माल विकावयाचा राहिलेला नाही त्यासाठी हा खर्च फारसे कोणी करीत नाही. तात्पर्य, स्कॅनर बोलतो आहे; त्याची बोली जाणणारा दुभाष्या तेवढा राज्याबरोबर अस्तंगत झाला आहे.

मग एक्सपी असलेला जुना संगणकच जपून ठेवावा, असे कोणी सुचवील. काही काळ तेही चालते. परंतु जुन्या संगणकाचे सुटे भाग मिळत नाहीत, त्याची डिस्क कधी दगा देईल याचा नेम नसतो, आणि एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविल्यामुळे तिला इंटरनेटशी जोडणे धोक्याचे आहे. यापेक्षा एक बरा मार्ग उपलब्ध आहे. नव्या संगणकाच्या पोटातच जुना संगणक नांदवावयाचा, आणि स्कॅनर त्या जुन्याच्या हवाली करावयाचा.

पोटातल्या या संगणकाला ‘व्हर्च्युअल मशीन’, म्हणजे आभासी संगणक, असे म्हणतात. त्याला स्वतःची पेटी नसते, तारा नसतात. खऱ्या संगणकावर चालणारी एक आज्ञावली असा काही देखावा उभा करते की आत बसविलेल्या एक्सपीला आपण एका स्वतंत्र यंत्रावर राज्य करीत आहोत असे वाटते. खऱ्या संगणकाला या शास्त्रात यजमान म्हणतात आणि आतल्याला पाहुणा. पाहुण्याला दिसणारी डिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरची एक मोठी फाइल असते. त्याचा पडदा म्हणजे यजमानाच्या पडद्यावरची एक चौकट. त्याचे जाळ्याचे कार्ड म्हणजे एका ठरावीक, सर्वपरिचित कार्डाची हुबेहूब नक्कल. पाहुणा त्या नकलेला हुकूम सोडतो, यजमान तो हुकूम मधल्यामध्ये झेलतो आणि खऱ्या यंत्राकडून काम करवून घेतो. पाहुण्याचा हात खऱ्या यंत्राला कधी लागत नाही.

डिस्क, पडदा, कळफलक अशा सर्वसाधारण वस्तूंच्या बाबतीत ही नक्कल उत्तम वठते. पण आमच्या वाचकांच्या स्कॅनरची नक्कल कोणी आणि कशासाठी लिहून ठेवावी? त्याची अंतर्गत बोली कारखान्यालाच ठाऊक. तेव्हा येथे नकलेने भागत नाही. खरी वस्तूच पाहुण्याच्या हाती द्यावी लागते. इंग्रजीत यास ‘पासथ्रू’ म्हणतात. आपण ‘उपकरण सोपविणे’ म्हणू.

ही युक्ती अलीकडची आहे असा समज असेल तर तो खरा नव्हे. आयबीएम कंपनीच्या मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील केंद्रात १९६७ साली ‘सीपी-४०’ नावाची व्यवस्था चालू झाली. एका मोठ्या संगणकावर अनेक आभासी संगणक तिने एकाच वेळी नांदवून दाखविले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये त्याच परंपरेतील ‘व्हीएम/३७०’ बाजारात येणार असल्याची घोषणा झाली. तिच्यात उपकरणे वाटण्याच्या तीन रीती होत्या. डिस्कचे लहान तुकडे पाडून प्रत्येकाला एकेक द्यावयाचा. छपाईयंत्र सर्वांना आपलेच भासवावयाचे, प्रत्येकाचा मजकूर बाजूला जमवून ठेवावयाचा आणि क्रमाक्रमाने छापावयाचा. चुंबकीय फितीच्या यंत्राचे मात्र तुकडेही पडत नाहीत आणि दोघांची फीत एकदम त्यावर चढत नाही. म्हणून ते यंत्र ‘अटॅच’ ही आज्ञा देऊन एकाच पाहुण्याच्या स्वाधीन करावयाचे, आणि काम संपल्यावर ‘डिटॅच’ म्हणून परत घ्यावयाचे. आमच्या पत्रलेखकांचा स्कॅनर या तिसऱ्या वर्गात बसतो.

आता मुख्य मुद्दा. उपकरण सोपवावयाचे म्हणजे यजमानाने प्रथम त्यावरचा आपला हात काढून घ्यावयाचा. ‘यजमान’ हा शब्द मुळात यज्ञ करणाऱ्याचा. हवनात आहुती टाकताना यजमान ‘न मम’ म्हणतो. हे आता माझे नव्हे, असे तो म्हणेपर्यंत दिले ते दिले ठरत नाही. धर्मशास्त्रकारांनीही दानाच्या व्याख्येत आपले स्वत्व उठविणे हा पूर्वार्ध मानला आहे आणि दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे हा उत्तरार्ध. संगणकशास्त्राने धर्मशास्त्र वाचलेले नाही. तरी तेथेही क्रम नेमका हाच आहे. यजमानाचा ड्रायव्हर त्या उपकरणावरून आधी सोडविला जातो, मगच पाहुण्याचा ड्रायव्हर त्यावर बसतो.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, हे पेन-ड्राइव्हच्या उदाहरणाने ध्यानात येईल. पेन-ड्राइव्हवर कोणती फाइल कोठे ठेवली आहे याची एक खातेवही असते, आणि जो संगणक तो वापरतो तो ती वही आपल्या स्मृतीत उतरवून घेतो. समजा, एकाच पेन-ड्राइव्हवर यजमान आणि पाहुणा दोघेही लिहू लागले. एकाने केलेली नोंद दुसऱ्याच्या वहीत नाही. दुसरा त्या जागेला मोकळी समजून तिच्यावर आपले काही लिहून टाकतो. दोघांपैकी कोणीही आपल्या नियमाबाहेर वागलेला नसतो, तरी फायली नष्ट होतात. एका तिजोरीवर दोन कारकून आणि दोन स्वतंत्र रोजकीर्दी ठेवल्या तर जे होईल तेच हे. म्हणून सोपविलेली वस्तू एका वेळी एकाचीच, हा या व्यवहाराचा पहिला नियम. सोपविली म्हणजे ती यजमानाला दिसेनाशी होते. पुष्कळांना हा बिघाड वाटतो. वस्तुतः काम यथास्थित झाल्याची ती खूण आहे.

स्कॅनर यूएसबीच्या तारेने जोडावयाचा असेल तर काम सोपे आहे. प्रत्येक यूएसबी उपकरणाच्या पोटात दोन क्रमांक कोरलेले असतात, एक कारखान्याचा आणि एक त्या नमुन्याचा. दोन्ही षोडशमान पद्धतीतले, चार-चार अंकांचे. ‘या दोन क्रमांकांची वस्तू जोडली गेली की ती पाहुण्याची’ असे यजमानाला सांगून ठेवता येते. यूएसबीचा नियंत्रक येथे यजमानाकडेच राहतो. पाहुण्याने दिलेला हुकूम यजमान जसाच्या तसा स्कॅनरकडे पोहोचवितो आणि उत्तर जसेच्या तसे परत आणतो. टपालवाल्याला पत्रातील भाषा कळावी लागत नाही, तसेच हे.

कृती अशी. नव्या संगणकाचा प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचा आहे याची खात्री करावी. आर्म जातीच्या प्रोसेसरवर जुनी विंडोज या पद्धतीने चालत नाही. संगणक सुरू होताना उघडणाऱ्या बायोसच्या पानावर ‘व्हर्च्युअलायझेशन’ची सोय चालू करावी. मग व्हर्च्युअलबॉक्स नावाची आज्ञावली बसवावी. घरगुती वापरासाठी ती विनामूल्य मिळते. यजमान लिनक्स असेल तर यूएसबी वापरण्यासाठी आपले नाव ‘व्हीबॉक्सयूझर्स’ या गटात घालावे लागते. पाहुण्यामध्ये, आपल्याकडे परवान्याची प्रत असेल त्याप्रमाणे, एक्सपी किंवा ३२ बिटांची विंडोज ७ बसवावी. त्याच्या यूएसबीच्या पानावर २.० हा पर्याय निवडावा, कारण ३.० ची भाषा एक्सपीला येत नाही. स्कॅनर जोडून यादीतून त्याची निवड करावी, आणि त्यानंतर कारखान्याच्या जुन्या तबकडीवरील ड्रायव्हर पाहुण्यात बसवावा.

एक खुबी येथे सांगून ठेवतो, कारण तिच्यापाशी भलेभले अडतात. काही उपकरणे जोडताक्षणी एक क्रमांक सांगतात. ड्रायव्हरने त्यांत आज्ञा भरल्या की क्षणभर गुप्त होतात आणि निराळा क्रमांक घेऊन पुन्हा प्रकट होतात. यजमानाने पहिलाच क्रमांक टिपून ठेवलेला असेल तर दुसऱ्या रूपातली वस्तू त्याच्यापाशीच राहते आणि पाहुणा वाट पाहत बसतो. उपाय एवढाच की दोन्ही क्रमांकांची नोंद करावी.

पाहुण्याला इंटरनेट मात्र देऊ नये. त्याचे जाळ्याचे कार्ड सरळ काढून टाकावे. स्कॅन केलेली चित्रे बाहेर आणण्यासाठी यजमानावरील एक सामायिक फोल्डर त्याला दाखविता येतो. पेन-ड्राइव्ह वापरणार असाल तर वर सांगितलेला नियम पाळावा. पाहुण्याने ‘सुरक्षितपणे काढा’ ही आज्ञा देऊन तो सोडल्याशिवाय यजमानाने त्याला हात लावू नये.

हे सर्व करण्याअगोदर एक सोपी चाचणी अवश्य करावी. लिनक्समध्ये ‘सेन’ या नावाचा दुभाष्यांचा एक मोठा संग्रह आहे. जगभरच्या हौशी आणि जाणत्या मंडळींनी कित्येक जुन्या स्कॅनरांच्या बोली अभ्यासून तो उभा केला आहे. आपला स्कॅनर त्यात आढळला तर एक्सपीला पाहुणचारास बोलाविण्याची गरजच उरत नाही.

काही जुने स्कॅनर यूएसबीचे नसून ‘स्कझी’ या पद्धतीचे असतात. त्यांच्यासाठी संगणकाच्या आत एक कार्ड बसवावे लागते. मोठाल्या संगणक-केंद्रांत चित्रप्रक्रियेची किंवा जाळ्याची महागडी कार्डे पाहुण्यांना सोपवितात, तीही अशीच आतली. आतले कार्ड सोपविणे हे अधिक जोखमीचे काम आहे. ते का, हे समजून घेण्यासाठी एका मोठ्या वाड्याची कल्पना करावी.

वाड्यात शंभरावर खोल्या आहेत. ती संगणकाची स्मृती. खोल्यांचे क्रमांक मालकाच्या वहीत आहेत. वाड्यात बिऱ्हाडे राहतात; ते पाहुणे. प्रत्येक बिऱ्हाड आपल्या खोल्या एकपासून मोजते. म्हणजे एखाद्याची ‘पाच नंबरची खोली’ मालकाच्या वहीत एकशेपाच असू शकते. आता माल आणून टाकणारा हमाल आहे. ते आतले कार्ड. काम झटपट व्हावे म्हणून त्याला अशी मुभा असते की दर वेळी मालकाला न विचारता त्याने पोते थेट खोलीत नेऊन टाकावे. बिऱ्हाडकरूने त्याला सांगितले, “पाचव्या खोलीत ठेव.” हमालाला बिऱ्हाडाचा हिशेब ठाऊक नाही. तो वाड्याच्या पाचव्या खोलीत, म्हणजे भलत्याच्याच घरात, पोते नेऊन टाकतो. तेथे मालकाचे दप्तर असेल तर तेही पोत्याखाली गेले. बिऱ्हाडकरू दुष्ट असला तर असे तो मुद्दामही करवील.

यावरचा उपाय म्हणजे देवडीवर एक पहारेकरी बसविणे. त्याच्याजवळ वही असते. या बिऱ्हाडाचा हमाल ‘पाच’ म्हणाला की त्याला एकशेपाचकडे धाडावयाचे, आणि वहीत नसलेला क्रमांक त्याने उच्चारला तर त्याला देवडीवरच अडवावयाचे. या पहारेकऱ्याचे नाव ‘आयओएमएमयू’. इंटेलच्या यंत्रांत त्याला ‘व्हीटी-डी’ म्हणतात आणि एएमडीच्या यंत्रांत ‘एएमडी-व्हीआय’. बायोसच्या पानावर तो निराळा चालू करावा लागतो. लिनक्समध्ये या पहाऱ्याखाली उपकरण सोपविण्याची ‘व्हीएफआयओ’ ही व्यवस्था २०१२ साली दाखल झाली.

पहारेकऱ्याचीही एक मर्यादा आहे. ज्या दोन हमालांना तो वेगवेगळे ओळखू शकत नाही, किंवा जे आपसांत देवडीबाहेरच देवघेव करू शकतात, त्यांना तो एकाच गटात टाकतो. आणि गट फोडून एक हमाल एका बिऱ्हाडाला व दुसरा मालकाला असे वाटप तो होऊ देत नाही. द्यावयाचा तर अख्खा गट द्यावा. चित्रप्रक्रियेच्या कार्डावर बहुधा आवाजाचा भागही असतो. तो त्याच्याबरोबरच जातो. जुन्या पीसीआय पद्धतीची कार्डे एका पुलामागे बसलेली असली तर ती सगळी मिळून एक गट होतात. स्कझीचे जुने कार्ड सोपवू पाहणाऱ्यांनी आपल्या कार्डाच्या गटात यजमानाच्या गरजेचे दुसरे काही अडकलेले नाही ना, हे आधी पाहावे. नाहीतर स्कॅनर देताना कळफलकही दिला गेला, अशी अवस्था होते.

सोपविण्याची किंमतही मोजावी लागते. नकलेवर चालणारा पाहुणा एका यजमानाकडून दुसऱ्याकडे, काम चालू असतानाच, अलगद हलविता येतो. खरे कार्ड हाती असलेला पाहुणा सहसा असा हलत नाही. त्याचे कार्ड या पेटीत रुतलेले असते. शिवाय कार्ड कोणत्या क्षणी कोणत्या खोलीत माल टाकील ते सांगता येत नसल्यामुळे त्या पाहुण्याला दिलेली सर्व स्मृती अडवून ठेवावी लागते. थोडी काढून दुसऱ्याला देता येत नाही. आणि उपकरण परत आल्यावर पुढच्याच्या हाती देण्यापूर्वी ते कोरे करावे लागते. काही कार्डे अशी हट्टी असतात की संपूर्ण संगणक बंद करून पुन्हा चालू केल्याखेरीज मूळ स्थितीवर येत नाहीत. या अडचणींतून मधला मार्ग म्हणून पीसीआय-एसआयजी या संस्थेने २००७ साली ‘एसआर-आयओव्ही’ हे मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार बनविलेले कार्ड स्वतःच आपली अनेक लहान रूपे दाखविते आणि प्रत्येक पाहुण्याला एकेक रूप सोपविता येते. मोठ्या केंद्रांतील जाळ्याच्या कार्डांना हा मार्ग फार मानवला. स्कॅनरची काच मात्र एकच असते. तिच्यावर एका वेळी एकच पट्टी ठेवता येते.

आमच्या पत्रलेखकांसाठी निष्कर्ष असा की त्यांनी स्कॅनर भंगारात देऊ नये. तो यूएसबीचा असेल तर घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींपैकी कोणीही एखाद्या रविवारी ही जुळणी करून देऊ शकेल. स्कझीचा असेल तर गट तपासून पाहण्याइतकी जाणकार व्यक्ती सोबतीला घ्यावी, आणि ती ज्या संगणकावर करावयाची त्यात कार्डासाठी मोकळी खाच असावी. जुळणी बसली की पाहुण्याच्या त्या मोठ्या फाइलीची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी. उद्या हा संगणकही जुना होईल. तेव्हा तोच पाहुणा पुढच्या यजमानाच्या घरी उतरेल आणि कारखान्याची जुनी तबकडी पुन्हा शोधीत बसावे लागणार नाही.

कामाला मात्र विलंब लावू नये. ॲसिटेटच्या फिल्मवरील जुन्या निगेटिव्ह उष्णतेने आणि दमटपणाने कुजू लागतात. डबा उघडताच आंबूस, शिरक्यासारखा वास आला तर ही क्रिया सुरू झाली असे समजावे. रंगीत फिल्मचे रंग उडत जातात. ती हानी कोणत्याही यंत्राने भरून येत नाही. ज्या डब्याला वास येत असेल तो इतरांपासून वेगळा ठेवावा, थंड आणि कोरड्या जागी ठेवावा, आणि स्कॅनरची पहिली पाळी त्याला द्यावी. प्रत्येक पट्टीवर कोण आहे, प्रसंग कोणता, साल कोणते, हे घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून त्याच बैठकीत विचारून लिहून घ्यावे. यंत्राला चेहरा उतरविता येतो. त्या चेहऱ्याचे नाव आत्याबाईंनाच ठाऊक असते.

उतरविलेली चित्रे कोणत्या स्वरूपात आणि किती प्रतींत ठेवावी, हा पुढच्या लेखांकाचा विषय. वाचकांनी या संबंधातील आपल्या अडचणी कळवाव्यात. पत्रात स्कॅनरचा नमुना आणि संगणकाचा प्रकार लिहिला तर उत्तर देणे सोपे जाईल.